कॉम्प्युटरची दमछाक मोजताना

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी आणि अरण मागे टाकले की मोडनिंब लागते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता इथल्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, पण झेरॉक्स काढून देणाऱ्या, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांना उसंत नसते. बारावीचा निकाल, प्रवेशाचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि पुढे पावसाळा लागला की पीक विमा. दुकानावर बहुधा पत्रा असतो, समोरून उसाचे ट्रॅक्टर आणि मालट्रक धूळ उडवत जातात आणि कॉम्प्युटर नेमका याच दिवसांत दगा देतो. अर्ज अर्धा भरून झालेला असताना स्क्रीन गोठते, आतला पंखा घरघरू लागतो आणि मशीन आपोआप बंद पडते. दहा मिनिटांनी चालू केले की जणू काही झालेच नव्हते.

‘व्हायरस आला असेल’ हे अशा वेळचे ठरलेले निदान. मग मशीन फॉरमॅट होते, पाचशे रुपये जातात आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. बऱ्याचदा आजार वेगळाच असतो. कॉम्प्युटरला ताप चढलेला असतो आणि ताप मोजलेलाच नसतो.

हा ताप मोजण्याची रीत म्हणजे स्ट्रेस टेस्ट. प्रोसेसरला मुद्दाम जड काम लावायचे आणि तो किती तापतो, किती वेळ टिकतो, चुकतो का, हे पाहायचे. वैद्यकात याच नावाची तपासणी आहे आणि दोन्हींत साम्य नावापुरते नाही. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी त्याला पलंगावर झोपवून काढला तर तो अनेकदा स्वच्छ येतो. रक्तवाहिनी निम्म्याहून अधिक अरुंद झालेली असली तरी विश्रांतीच्या वेळी हृदयाला पुरेल एवढे रक्त तिच्यातून जाते. जिना चढताना, बैलगाडी ढकलताना ते कमी पडते. म्हणून रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चढवावे लागते. सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये या तपासणीला जी शिस्त लावली, ती आजही जगभर पाळली जाते. सुरुवात ताशी सुमारे पावणेतीन किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढाने होते. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची, तीही पायरीपायरीने. छातीत दुखले, रक्तदाब वाढण्याऐवजी उतरू लागला, ईसीजीची रेघ ठरावीक प्रमाणाबाहेर सरकली किंवा रुग्ण ‘बस’ म्हणाला, की पट्टा थांबवायचा. एवढी काळजी घेऊनही दहा हजार तपासण्यांमागे एखादा मृत्यू संभवतो, म्हणून शेजारी शॉक देण्याचे यंत्र तयार ठेवलेले असते.

कॉम्प्युटरची स्ट्रेस टेस्ट करणारे बहुतेक जण यातले काहीच करत नाहीत. सॉफ्टवेअर उतरवले, बटण दाबले, प्रोसेसर शून्यावरून थेट शंभर टक्क्यांवर, आणि मालक चहाला. म्हाताऱ्याला पट्ट्यावर चढवून थेट पळवावे तसा हा प्रकार झाला.

प्रोसेसर तापतो का, हे समजले की त्याला आवरायचे कसे तेही समजते. नखाएवढ्या सिलिकॉनवर अब्जावधी सूक्ष्म कळा असतात आणि त्या सेकंदाला काही अब्ज ठोक्यांच्या तालावर उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीत थोडी वीज खर्च होते आणि तिची उष्णता बनते. ही उष्णता दोन गोष्टींवर ठरते : ठोक्यांचा वेग आणि विजेचा दाब. वेग दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होते; दाब दुप्पट केला तर चौपट. शिवाय वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. याची दुसरी बाजू उपयोगाची आहे. वेग आणि दाब दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी उतरवले तर उष्णता साधारण २७ टक्क्यांनी उतरते, म्हणजे कामातला दहावा हिस्सा सोडून उष्णतेतला चौथा हिस्सा वाचतो. प्रत्यक्षात फायदा थोडा कमी मिळतो, कारण कळा बंद असतानाही त्यांच्यातून थोडी वीज झिरपतच असते. तरीही हा सौदा स्वस्तच आहे.

ही उष्णता बाहेर कशी पडते? प्रोसेसरच्या पाठीवर राखाडी मलमासारखी थर्मल पेस्ट, तिच्यावर धातूच्या पट्ट्यांचा हीटसिंक, त्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता पेस्टमधून धातूत, धातूतून हवेत आणि हवेबरोबर खोलीत. इथे माणसाचे शरीर फार पुढे आहे. उन्हात काम करणाऱ्याला घाम येतो आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणूनच भोवतालची हवा ४२ अंशांची असतानाही माणूस आतून ३७ अंशांच्या आसपास राहू शकतो. उन्हाळा सुरू झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत शरीर उन्हाला सरावते; घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. कॉम्प्युटरला घाम येत नाही आणि तो सरावतही नाही. हवा फुंकणारा हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ४२ अंशांची असेल तर त्याचा हिशेब ४२ पासूनच सुरू होतो.

हा हिशेब साधा आहे आणि तो मांडून पाहायला हवा. समजा, मोडनिंबमधल्या एका दुकानदाराने पुण्याहून एका कंपनीने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप आणला. पूर्ण जोर लावला की त्याचा प्रोसेसर ८० वॉट उष्णता देतो. हीटसिंक स्वच्छ असताना दर वॉटमागे अर्धा अंश तापमान वाढते, म्हणजे एकूण ४० अंश. जानेवारीत खोली २२ अंशांची असताना प्रोसेसर ६२ वर थांबेल. मे महिन्यात खोली ४२ अंशांची असेल तर ८२ वर. दोन्ही चालण्यासारखे. आता त्याच हीटसिंकमध्ये धूळ भरली आणि दर वॉटमागे वाढ ०.७ अंश झाली असे धरू. वाढ झाली ५६ अंश. जानेवारीत तापमान भरेल ७८, म्हणजे तपासणारा म्हणेल ‘मशीन ठणठणीत आहे’. मे महिन्यात तेच ९८. बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान संपते. शिवाय कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा पाच-सात अंशांनी गरमच असते.

म्हणजे जानेवारीत पास झालेले मशीन मे महिन्यात नापास होते आणि त्यात मशीनने काही लपवलेले नसते. तपासणाऱ्याने चुकीचा आकडा वहीत उतरवलेला असतो. प्रोसेसर किती अंशांवर गेला यापेक्षा खोलीपेक्षा किती अंश वर गेला, हे लिहायला हवे. ही वाढ ऋतूनुसार फारशी बदलत नाही. तिच्यात मे महिन्यातल्या दुपारचे ४२-४३ मिळवले की उन्हाळ्याचा अंदाज हातात येतो. त्यासाठी खोलीत एक साधे थर्मामीटर लागते. हजारो रुपयांचे मशीन तपासताना ते कुणी लावत नाही, ही गंमतच म्हणायची.

आता तपासणीतली दुसरी फसगत. प्रोसेसरला स्वतःचे रक्षण करता येते. मर्यादेजवळ पोहोचला की तो आपला वेग आणि दाब आपणच उतरवतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर मशीन बंद करतो. पूर्वी ही सोय सगळ्यांत नव्हती. २००१ मध्ये परीक्षकांनी चालू कॉम्प्युटरचा हीटसिंक उचलून दाखवला होता. त्यातला एक प्रोसेसर काही क्षणांत धूर सोडून जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण तगला. आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर असा तगतो. ते चांगलेच आहे, पण तपासणाऱ्याची त्यामुळे दिशाभूल होते. तासभर चाचणी चालली, तापमान ९५ च्या वर गेले नाही, मशीन बंद पडले नाही. वरवर पाहता उत्तीर्ण. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटालाच त्याने वेग निम्म्यावर आणलेला असतो आणि उरलेली पंचावन्न मिनिटे तो रमतगमत चाललेला असतो.

हृदयाच्या तपासणीतही हे घडते. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असलेल्या रुग्णाची नाडी गोळीमुळे वाढतच नाही. तो पट्ट्यावर चालतो, छातीत दुखत नाही, रेघही बदलत नाही. पण ठरलेली नाडी गाठलीच नाही तर डॉक्टर अहवालात ‘निर्दोष’ लिहीत नाहीत, ‘अनिर्णित’ लिहितात. कॉम्प्युटरच्या बाबतीतही तापमानाच्या शेजारी वेगाचा आकडा पाहिला नाही तर अहवाल अनिर्णितच समजावा.

मग जोर लावायचा कसा? तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘५० टक्के भार’ असे ठरवता येते. लिनक्सवरच्या स्ट्रेस-एनजीसारख्या साधनात तशी सोय आहे. पण प्रोसेसरमध्ये अर्धा नळ उघडा ठेवावा तसे काही नसते. क्षणभर पूर्ण काम, क्षणभर पूर्ण विश्रांती, असे आलटून-पालटून चालते आणि त्याची सरासरी अर्धी भरते. सेकंदाच्या दहाव्या भागात ६० टक्के वेळ काम आणि ४० टक्के वेळ विश्रांती, हा झाला ६० टक्के भार. हे तुकडे बारीक असतील तर तापमान स्थिर राहते. दहा सेकंद काम आणि दहा सेकंद विश्रांती असे जाड तुकडे केले तर सरासरी अर्धीच दिसेल, पण सिलिकॉनचा तो कण सेकंदांतच तापतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याचे तापमान वर उसळून खाली पडेल. सरासरी रक्तदाब चांगला, पण मधूनमधून २२० वर उसळणारा, असा रुग्ण कुणाला ठीक वाटेल?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. अर्धा भार म्हणजे अर्धी उष्णता नव्हे. विश्रांती मिळाली की आजचे प्रोसेसर कामाच्या क्षणी वेग आणखी वाढवून घेतात, त्यामुळे ५० टक्के भाराला उष्णता निम्म्याहून बरीच अधिक निघू शकते. सगळा १०० टक्के भारही सारखा नसतो. मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार एकदम करायला लावणाऱ्या चाचण्या प्रोसेसरला जितके तापवतात, तितके अर्ज भरण्याचे किंवा चित्रपट पाहण्याचे काम कधीच तापवत नाही. दोन्ही वेळा टास्क मॅनेजरमध्ये मात्र तोच आकडा दिसतो. म्हणून भाराच्या टक्क्यांवर विसंबून चालत नाही, वॉट आणि अंश पाहावे लागतात.

पायऱ्याही घड्याळ लावून घ्याव्यात. आधी दहा मिनिटे मशीन नुसते चालू. मग पाव भार, अर्धा, पाऊण आणि शेवटी पूर्ण, प्रत्येकी दहा मिनिटे. पूर्ण भारावर अर्धा तास. एवढा वेळ कशाला? प्रोसेसर सेकंदांत तापतो, हीटसिंकला काही मिनिटे लागतात आणि कॅबिनेटमधल्या हवेला पंधरा-वीस मिनिटे. पहिल्या दोन मिनिटांतला आकडा पाहून चाचणी आटोपणारा फक्त पहिला जिना चढलेल्या माणसाची नाडी पाहतो. डेस्कटॉप ९० अंश ओलांडून वाढतच राहिला, वेग आपोआप उतरू लागला, हिशेबात चूक निघाली, पंखा अडखळला, जळका वास आला, यांपैकी काहीही झाले की चाचणी तिथेच थांबवायची. ‘बघू, अजून किती जातो’ हा हट्ट इथे कामाचा नाही.

थांबवल्यानंतरची दोन मिनिटे तर सगळ्यांत बोलकी. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की ट्रेडमिलवरचा व्यायाम संपल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांची नाडी बारा ठोक्यांनीही उतरत नाही, त्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका जास्त असतो. प्रोसेसरचे उतरणेही असेच वाचता येते. भार काढताच तापमान एका झटक्यात तीस-चाळीस अंशांनी कोसळले, तर हीटसिंक मुळात गारच होता. उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. तिथे पेस्ट वाळली असेल किंवा हीटसिंक नीट बसलेला नसेल. थोडे उतरून तापमान पुढे मिनिटामिनिटाने रेंगाळत खाली आले, तर धातू स्वतः तापलेला आहे आणि हवा त्याला गार करत नाही. तिथे धूळ किंवा पंखा. पेस्टचे पाकीट आणायचे की ब्रश हाती घ्यायचा, हे मशीन न उघडता कळते.

अशा चाचणीने केवळ जुनी मशीनच सापडतात असे नाही. मर्सेन मूळ संख्या शोधणारे हौशी गणिती ‘प्राइम९५’ नावाचा प्रोग्रॅम आपापल्या कॉम्प्युटरवर दिवसरात्र चालवतात. त्याचा भार इतका कठोर आणि त्यातली तपासणी इतकी काटेकोर, की जगभरचे दुरुस्ती करणारे तो स्ट्रेस टेस्ट म्हणून वापरू लागले. २०१५ अखेर इंटेलचे नवे स्कायलेक प्रोसेसर त्यातल्या एका विशिष्ट आकड्यावर गोठू लागल्याचे या मंडळींना आढळले. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने दोष मान्य केला आणि दुरुस्ती पाठवली. दोष तापमानाचा नव्हता, रचनेतला होता. पण रोजच्या हलक्या कामात तो कुणाच्या नजरेस आला नसता.

महाराष्ट्रात या परीक्षेची सर्वांत मोठी आवृत्ती पुण्याने पाहिली आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, हे अनेकांना ठाऊक असते. त्यानंतर सोळा वर्षांनी टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यातच ‘एक’ हा महासंगणक बांधला आणि नोव्हेंबर २००७ मध्ये तो जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत चौथा आला. या यादीतला क्रमांक ‘लिनपॅक’ नावाच्या परीक्षेवर ठरतो. अवाढव्य समीकरणांचा संच सोडवायला द्यायचा आणि सगळे प्रोसेसर एकाच वेळी पूर्ण जोराने चालवायचे. ‘एक’ची कागदावरची ताकद १७१ टेराफ्लॉप्सच्या आसपास होती, परीक्षेत भरली ११७.९. कागद आणि प्रत्यक्ष यांतले अंतर प्रत्येक यंत्रात असतेच आणि ते लपवायचे नसते. यादीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातात. दुकानात मिळणाऱ्या लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र एकच आकडा असतो.

पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्युष’ आणि सप्टेंबर २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ हवामानाची गणिते सोडवतो. उन्हाच्या लाटेचे अंदाज अशाच गणितांवर उभे राहतात. ज्या उन्हाने मोडनिंबचा कॉम्प्युटर बंद पडतो, त्याची सूचना देणाऱ्या यंत्रांनाही रात्रंदिवस गार ठेवावे लागते. अशा सभागृहांत यंत्रांपर्यंत पोहोचणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, असा जगभर पाळला जाणारा संकेत आहे.

हा संकेत पाळता आला नाही तर काय होते, ते लंडनने १९ जुलै २०२२ रोजी पाहिले. त्या दिवशी इंग्लंडमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदले गेले, ब्रिटनच्या इतिहासातले सर्वाधिक. लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालय समूहाची दोन्ही संगणक केंद्रे त्याच दिवशी उष्णतेने बंद पडली. एकाला आधार म्हणून दुसरे होते, पण ऊन दोघांवर एकच होते. डॉक्टरांना रुग्णांच्या जुन्या नोंदी, तपासण्यांचे निकाल दिसेनात. कारभार कागदावर आला, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे गेले.

सोलापूर जिल्ह्यात चाळीस अंश ही बातमी नसते, मार्च सरता सरता येणारी नेहमीची गोष्ट असते. इथल्या रुग्णालयांतही आता केसपेपर कॉम्प्युटरवर निघतो, एक्स-रेची फिल्म जाऊन पडद्यावरचे चित्र आले आहे, रक्त तपासणारी यंत्रे आपला निकाल कॉम्प्युटरलाच सांगतात. सीटी स्कॅनच्या खोलीला एसी मिळतो. लशींच्या फ्रिजचे २ ते ८ अंश रोज दोनदा पाहिले जातात. पण केसपेपरच्या खिडकीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कॉम्प्युटरचे तापमान कुणाच्याच वहीत नसते. आणि उष्माघाताच्या रुग्णांची गर्दी ज्या दुपारी होते, त्याच दुपारी तो बंद पडण्याची शक्यता सर्वाधिक. अशा ठिकाणचे मशीन मार्चमध्येच पूर्ण भारावर तपासून घेणे, आणि तपासताना एसी किंवा कूलर बंद पडला तर ते किती मिनिटे तगते हेही एकदा पाहून ठेवणे, हा काही मोठा खर्च नाही.

कूलरबद्दल थोडे. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर खोली बरीच उतरवतो. कोकणात त्याचा एवढा उपयोग होत नाही. खोली गार झाली की कॉम्प्युटरही गार राहतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. त्या झोताबरोबर पाण्याचे कण येतात आणि आतल्या धुळीचा चिखल होतो.

या सगळ्यात तपासणाऱ्या माणसाचा विचार राहून जातो. कॉम्प्युटरमध्ये शिरलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. पत्र्याच्या दुकानात पाच मशीन एकाच वेळी चाचणीला लावली आणि प्रत्येकी दोनशे वॉट धरले, तर एक किलोवॉट झाला. भर उन्हाळ्यात खोलीत शेगडी पेटवून बसण्यासारखेच ते. शांत बसलेला माणूस स्वतः साधारण शंभर वॉट उष्णता देतो आणि ती घेणारी हवाच गरम असेल तर सगळा भार घामावर येतो. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पहिली लक्षणे. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंगाचा ताप ४० च्या वर गेला तर तो उष्माघात; तिथे पाणी ओतून, वारा घालून शरीर उतरवत उतरवत दवाखाना गाठावा लागतो. चाचणी सकाळी सातला लावली तर खोली दहा-बारा अंशांनी गार मिळते. मे महिन्यातल्या दुपारचा अंदाज तर वाढीच्या हिशेबाने करता येतोच.

लॅपटॉप मांडीवर घेऊन चाचणी लावणे तर टाळाच. स्वित्झर्लंडमधील बासेलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद केली. रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून तो गेम खेळे. काही महिन्यांनी त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटले. चुलीपुढे वर्षानुवर्षे भाकरी थापणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर, काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या अंगावर दिसतात तेच हे डाग. कांगडीच्या जागी तर पुढे कर्करोग झाल्याचेही आढळले आहे. कातडी भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. ४४ अंशांचा स्पर्श सहा तास राहिला तरी कातडी भाजते, आणि त्यापुढे दर अंशाला हा वेळ निम्मा होत जातो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना ते कळतही नाही. पुरुषांसाठी आणखी एक इशारा : न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये २९ तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले, तेव्हा वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थंड जागा लागते, हे ध्यानात घेतले तर टेबल शोधणे अवघड नाही.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला वाटला, झाकण नीट बसेना, तर चाचणी अजिबात लावायची नाही. आधी बॅटरी काढायची किंवा जाणकाराकडे द्यायची. गादीवर, उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. त्याची चाचणी म्हणजे नाक दाबून पळायला लावणे.

ज्यांना चाचणीच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांच्यासाठी दोन कामे उरतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरावरून ८५ वर आणली तर अर्ज भरणाऱ्याला फरक जाणवणारही नाही, पंखा मात्र शांत होईल. दुसरे काम ब्रशचे. प्लग काढून, झाकण उघडून, पंख्याचे पाते बोटाने अडवून धूळ झाडायची; पाते न अडवता ब्लोअर मारला तर पंखा भिंगरीसारखा फिरून त्याचे बेअरिंग जाते. हे काम मार्चमध्ये एकदा आणि उसाचा हंगाम सरला की एकदा.

आणि ज्यांनी चाचणी केली, त्यांनी एक चिठ्ठी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवावी. तारीख, खोलीचे तापमान, पूर्ण भारावरचे प्रोसेसरचे तापमान, त्या वेळचा वेग आणि भार काढल्यावर दोन मिनिटांनी किती उतरले, एवढे पाच आकडे. पुढच्या वर्षी झाकण उघडणाऱ्याला वाढ ४० वरून ५१ झालेली दिसली, तर व्हायरस शोधत बसण्याआधी तो ब्रश मागेल.